ग्रेट ओशन रोड, कॅम्परव्हॅन आणि तीन आठवड्यांची ओळख : माझं कार्ड देऊ का?

उन्हाळी_पाऊस

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असते. पण हा प्रश्न घरी विचारता येत नाही आणि मैत्रिणींना विचारून झालाय (तिघींची चार मतं), म्हणून धागा काढतेय.

मी मेलबर्नला मास्टर्स करतेय. सेमिस्टर संपलंय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामावरूनही पाच दिवस सुट्टी मिळालीय. युनिव्हर्सिटीच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये तीन आठवड्यांपूर्वी तिघांची ओळख झाली. एक ब्राझीलची मुलगी, एक तैवानी मुलगा, एक आयरिश मुलगा. दोन ट्रेक एकत्र केले, एकदा बाहेर जेवलो. बास, एवढंच. आता तिघांच्या डोक्यात ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता शिरलाय, आणि तोही कॅम्परव्हॅनने, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या व्हॅनने. मेलबर्नहून टॉर्की, लॉर्न, अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल करत वॉर्नांबूल, आणि येताना आतल्या हायवेने कोलॅक, जिलाँग करून परत. इकडचं तिकडचं धरून सातशे किलोमीटर होतील असा माझा अंदाज.

आयरिश मुलाने एक जुनी हायएस व्हॅन शोधून काढलीय, उंच छपराची. जाहिरातीत 'चौघांच्या झोपण्याची सोय' असं लिहिलंय. भाडं दिवसाला ११५ डॉलर, म्हणजे माणशी तिसाच्या आत. इथपर्यंत सोन्याहून पिवळं.

गोम पुढे आहे. बाकीचे तिघे बावीस-तेवीसचे. पंचविशीच्या आतला ड्रायव्हर असला की कंपनी जादा पैसे लावते. मी सव्वीसची, आणि इथलं पूर्ण लायसन्सही माझ्याचकडे. त्यामुळे करार माझ्या नावावर, कार्ड माझं, आणि ३००० डॉलरचा बाँड (अनामत रक्कम) माझ्या कार्डावर अडकणार. 'काही झालं तर?' असं मी विचारलं, तर आयरिश म्हणाला, काही होत नाही, झालं तर बघू. वाईट मनाने नाही म्हणाला, तो सगळंच असं म्हणतो. पण माझ्या खात्यात सगळे मिळून पाच हजारही नाहीत, तेव्हा 'बघू' मला परवडत नाही.

व्हॅन मी कधी चालवलेली नाही, छोटी ऑटोमॅटिक गाडीच चालवते. रस्त्याच्या कडेला व्हॅन लावून फुकटात झोपता येतं का? चौघांना एकूण खर्च किती धरू? आणि मुख्य म्हणजे, एवढ्याशा ओळखीवर जावं का?

त्यातले दोघे मुलगे आहेत हे आईला अजून सांगितलेलं नाही. 'युनिव्हर्सिटीच्या मुलांबरोबर ट्रिप' एवढंच सांगितलंय. ते काही खोटं नाही.

जिलाँगची_काकू

अगं, आधी झोपायचं बोलू. रस्त्याकडेला, व्ह्यू पॉइंटच्या पार्किंगमध्ये, बीचच्या कार पार्कात गाडीत झोपायचं नाही. या किनाऱ्यावरच्या कौन्सिलांना ते चालत नाही. रेंजर पहाटे काच ठोठावतो आणि दंडाची पावती देतो. आमच्याकडे आलेल्या एका भाच्याची पहिली ऑस्ट्रेलियन आठवण तीच आहे.

टॉर्की, अँगलसी, लॉर्न, अपोलो बे या सगळ्या गावांत कॅराव्हॅन पार्क आहेत. गरम पाण्याचे शॉवर, स्वयंपाकाची सोय, विजेचा पॉइंट. ओटवेच्या राष्ट्रीय उद्यानात पार्क्स व्हिक्टोरियाच्या (इथलं सरकारी उद्यान खातं) कॅम्पसाइट आहेत, जोहाना बीच, एअर रिव्हर वगैरे. त्या आधी ऑनलाइन बुक कराव्या लागतात. काहींचा शेवटचा तुकडा कच्चा रस्ता आहे, आणि भाड्याच्या व्हॅनला कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स बहुधा नसतो, ते करारात बघ. शाळांना सुट्ट्या लागायच्या आत जाताय ते उत्तम केलंत. नाताळनंतर तंबूची खुंटी ठोकायला जागा मिळत नाही.

टॉर्कीकडून निघताय तेही बरोबर. इथे गाडी डावीकडून आणि जाताना समुद्रही डावीकडे. म्हणजे तू समुद्राच्या कडेनेच चालणार, कुठेही थांबायला डावीकडे वळलं की झालं, समोरच्या गाड्या ओलांडाव्या लागत नाहीत. उलट्या बाजूने येणारे दर व्ह्यू पॉइंटला अडकून बसतात. मागे गाड्यांची रांग लागली तर घाबरून वेग वाढवू नकोस. हळू गाड्यांसाठी बाजूला जागा काढलेल्या आहेत, तिथे शिरायचं, सगळ्यांना जाऊ द्यायचं.

आणि डिसेंबर म्हणजे वणव्याचा मोसम. रोज सकाळी व्हिकइमर्जन्सीचं, म्हणजे सरकारी इशाऱ्यांचं, अॅप उघडायचं. टोटल फायर बॅनच्या दिवशी गॅसच्या शेगडीलाही नियम असतात, ते वाचून घ्या. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर जी मोठी लाकडी कमान लागते, जिच्याखाली सगळे फोटो काढतात, ती तिथली पहिली नव्हे. तिच्या आधीची १९८३ च्या अॅश वेन्सडेच्या वणव्यात जळाली. मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

आईला सांगून टाक. दोन मुलगे आहेत म्हणून लगेच काही होत नाही. १८७८ साली पोर्ट कॅम्पबेलजवळ 'लॉक आर्ड' नावाचं जहाज फुटलं, चोपन्नपैकी दोघंच वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल. दोघंही तरणीताठी. त्याने तिला लाटांतून ओढून काढलं. अख्ख्या वसाहतीला वाटलं आता लग्न होणार. ती काही महिन्यांत आयर्लंडला निघून गेली. त्या जहाजाच्या नावाची खिंड आहे तिथे, ती बघायला उतराल तेव्हा आईला फोटो पाठव आणि ही गोष्ट सांग.

गोगलगाय

उन्हाळी_पाऊस, तुझा धागा वाचून मला माझीच जुनी फजिती आठवली. लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

मी तेव्हा एका गोदामात रात्रपाळी करायचो. तिथलीच चौकडी : मी, एक जर्मन मुलगी, चिलीचा एक इंजिनिअर आणि एक फ्रेंच. ओळख दीड महिन्याची, म्हणजे तुझ्यापेक्षा आम्ही अनुभवी. जूनमध्ये चार दिवस ठरले, थंडीत व्हॅन स्वस्त मिळते म्हणून. करार माझ्या नावावर, बाँड २५०० माझ्या कार्डावर. अतिरिक्त ड्रायव्हरचं नाव घालायला दिवसाला काही डॉलर मागत होते, आम्ही ते वाचवले. सगळे कसे खूश! टीटीएमएम करायचं ठरलं होतं, पण ते पेट्रोल, पाव आणि अंड्यांपुरतं. व्हॅनला काही झालं तर काय, हा विषय कुणी काढला नाही. मी काढायला हवा होता. पण दीड महिन्याच्या ओळखीत 'तुम्ही नुकसान केलं तर पैसे द्याल ना' असं तोंडावर विचारायची लाज वाटली. भीड ही भिकेची बहीण, आजी सांगायची, तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉर्न, केनेट रिव्हर करत अपोलो बेला पोचलो. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला असतात, तिथे तासभर माना वर करून घालवला. अपोलो बेच्या पुढे रस्ता समुद्र सोडून ओटवेच्या जंगलात चढतो, वळणं, ओली पानं, उंच फर्न. जूनमध्ये पाचनंतर सूर्य बुडतो. मी सकाळपासून चालवत होतो, डोळे चुरचुरायला लागले. 'कॅम्पसाइट दहाच मिनिटांवर आहे, तू घे' असं मी चिलीवाल्याला म्हणालो. हे नीट वाच. मीच म्हणालो. त्याने मागितली नव्हती.

त्याने अगदी व्यवस्थित चालवली. कॅम्पसाइटमध्ये शिरताना एक फांदी आडवी होती. आपण गाडी चालवताना पुढे बघतो, बाजूला बघतो, डोक्यावर दीड हात छप्पर आहे हे कुणाच्या लक्षात असतं? वरून खर्रर्र असा आवाज आला, तव्यावर उलथनं खरवडावं तसा. तो थांबला, आणि मग घाबरून मागे घेतली. म्हणजे तीच फांदी दुसऱ्यांदा.

पावसात चौघं बाहेर, चार फोनचे टॉर्च वर. फायबरच्या छपराला कोपरापासून मनगटापर्यंत लांबीची फट. फ्रेंच म्हणाला, प्लास्टिकच तर आहे. जर्मन मुलगी काही न बोलता फोटो काढत होती. मी आत जाऊन कराराचे कागद काढले. छप्पर आणि बुडाकडची बाजू इन्शुरन्समध्ये नाही. नाव नसलेल्या माणसाच्या हातून झालेलं नुकसान तर मुळीच नाही. सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवलेलीही चालत नव्हती. एका फांदीत तिन्ही कलमं.

त्या रात्री फटीतून पाणी गळायला लागलं. आमच्याकडे एकच मोठं भांडं होतं, पास्त्याचं, न घासलेलं. ते दोन गाद्यांच्या मध्ये ठेवलं. आधी टण् टण् वाजत होतं, तळ भरल्यावर टप् टप्. चौघांच्या श्वासाने काचा आतून घामेजलेल्या, छताचं पाणी कपाळावर. सगळे जागे होते आणि सगळे झोपल्याचं सोंग करत होते. कुणीतरी 'पैशांचं कसं करायचं' असं विचारेल म्हणून मी वाट बघत होतो. मला वाटतं बाकीचे तिघं मी विचारीन म्हणून वाट बघत होते. भांडं भरलं की ज्याच्या बाजूला ते असेल तो उठून दार सरकवून ओतून यायचा. रात्रीत तीनदा.

सकाळी फ्रेंच म्हणाला मला अपोलो बेला सोडा, बसने जातो. वाटेत म्हणाला, मी गाडी चालवत नव्हतो, मी चालवायला दिलीही नव्हती. मला तेव्हा तो जगातला सगळ्यात नालायक माणूस वाटला. आज वाटत नाही. ठरलं काय होतं आमचं? काहीच नाही. मग त्याने त्याच्या सोयीचा अर्थ लावला, मी माझ्या.

उरलेले तिघं पुढे गेलो, छपराला कचऱ्याची काळी पिशवी आणि चिकटपट्टी लावून. ट्वेल्व्ह अपोस्टल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या दगडी खांबांपाशी, पहाटे पोचलो, आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं फक्त. नाव बारा आहे, पण बारा खांब तिथे कधी नव्हतेच. चुनखडीचे कडे समुद्र पोखरत राहतो, आधी गुहा, मग कमान, मग कमान पडून उरतो तो खांब, आणि शेवटी खांबही. एक २००५ मध्ये कोसळला. पुढे लंडन ब्रिज म्हणून अशीच एक दगडी कमान आहे, त्याचा किनाऱ्याकडचा दुवा १९९० च्या जानेवारीत पडला आणि टोकाला उभे असलेले दोन पर्यटक तिकडेच अडकले, हेलिकॉप्टरने काढावे लागले. ती पाटी वाचून आम्ही तिघं इतके हसलो की बस. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिथल्या बाकावर जर्मन मुलीने बिस्किटाच्या पुड्यावर हिशोब मांडला. दुरुस्ती किती येईल ते माहीत नव्हतं, म्हणून फक्त वाटे : चिलीवाला निम्मे, आम्ही दोघं पाव पाव. बिल आलं १३४० डॉलर. तिने त्याच संध्याकाळी ३३५ पाठवले. चिलीवाल्याने ६७०, तीन हप्त्यांत, न मागता. माझे गेले ते गेले. त्या दोघांशी आजही बोलणं आहे.

तर जावं का? जा. पण आधी एका टेबलावर चौघं बसा आणि पैशांचं बोला. मी आज काय करेन ते सांगतो. गाडी फक्त करारात नाव असलेलाच चालवेल, दोन मिनिटांसाठीही दुसरा नाही, आणि तुझ्याशिवाय आणखी एकाचं नाव पैसे भरून घालायचंच, नाहीतर पाच दिवस तू हमाल होशील. नुकसान कुणाच्याही हातून होवो, भरपाईचे चार समान वाटे. हे ग्रुपवर लिहायचं आणि प्रत्येकाने उत्तरात 'मान्य' लिहायचं. आणि बाँडमधला आपला वाटा, माणशी ७५०, प्रत्येकाने निघायच्या आधी तुझ्या खात्यात टाकायचा. बाँड सुटला की तू परत करायचास. अविश्वास म्हणून नाही, तुझे तीन हजार अडकणारच आहेत, तिथे त्यांचेही थोडे अडकू देत. हा निरोप टाकल्यावर कोण काय बोलतं ते शांतपणे बघ. पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये जे कळणार ते तुला पाच मिनिटांत कळेल.

दुसरं, परतायची आपली आपली वाट माहीत असू दे. जिलाँग स्टेशनपासून व्ही-लाइनची (इथली सरकारी रेल्वे-बस कंपनी) बस टॉर्की, लॉर्न करत अपोलो बेपर्यंत रोज असते. त्याच्या पुढे रोज नाही. वॉर्नांबूलहून थेट मेलबर्नला ट्रेन आहे. भाड्याला दिवसाची कमाल मर्यादा आहे, मेलबर्नच्या दिवसाच्या तिकिटाइतकीच, त्यामुळे पैशांसाठी कुणाबरोबर अडकून राहायची गरज नाही. मनात ती बस असली की माणूस व्हॅनमध्ये जास्त गोड वागतो, हा माझा अनुभव आहे.

झोपताना एक काच बोटभर उघडी ठेवा, कितीही थंडी असली तरी. आणि ओले टॉवेल आत वाळत घालणाऱ्याला बाहेर झोपवा.

खिळेमोळे

वरचं सगळं ठीक. पण जाहिरातीत 'झोपायची सोय चौघांची' लिहिलंय, बसायची किती ते कुणी विचारलं का? जुन्या हायएसमध्ये पुष्कळदा पुढे तीनच सीटबेल्ट असतात. चौथा मागे गादीवर बसून येऊ शकत नाही, बेकायदा आहे, दंड चालवणाऱ्यालाही बसतो. आतला फोटो मागव, बेल्ट मोज.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, छपरावर फोन उंच धरून, आणि टायर-काचा जवळून असा व्हिडिओ काढ, त्यांच्या माणसासमोर. छपराची उंची किती मीटर ते चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटव. पेट्रोल की डिझेल ते टाकीच्या झाकणावर बघ, सवयीने चुकीचा पाइप उचलणारे कमी नाहीत. पेट्रोलचा हिशोब : अशी व्हॅन शंभर किलोमीटरला बारा लिटर खाते असं धर. सातशेला चौऱ्याऐंशी.

अण्णा_बंदरकर

मी विरोधी पक्षात. 'स्वस्त' हाच मुद्दा असेल तर कॅम्परव्हॅन कशाला? टॉर्की ते वॉर्नांबूलजवळचं अॅलन्सफर्ड हा रस्ता २४३ किलोमीटरचा आहे, ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा नव्हे. छोटी गाडी भाड्याने घ्या, दोन तंबू उसने आणा. गाडी तुला चालवता येते, पार्किंग कुठेही मिळतं, फांदी लागत नाही, आणि रात्री दोन वेगवेगळे तंबू असल्याने आईला सांगायलाही सोपं. लाल मातीच्या वाळवंटात जायचं असतं तर व्हॅनला हो म्हणालो असतो. व्हॅनची हौस असेल तर हौस म्हणून करा, बचत म्हणून नको.

उन्हाळी_पाऊस

सगळ्यांचे आभार. खिळेमोळे, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करते. तीनच बेल्ट आहेत. कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, चार झोपतात, तीन बसतात, वेबसाइटवर खाली लिहिलंय. चौथ्याने झोपायला कसं पोचायचं ते त्याने सांगितलं नाही.

अण्णा, खरं सांगते, हौसच आहे. दार सरकवलं की समोर समुद्र, एवढ्यासाठीच चाललेय. तंबूत मी ट्रेकमध्ये झोपतेच.

गोगलगाय, तुमचा निरोप जवळजवळ जसाच्या तसा इंग्रजीत करून ग्रुपवर टाकला. टाकून फोन उलटा ठेवला आणि भांडी घासत बसले. तैवानी मुलाचा 'मान्य' आणि पैसे दहा मिनिटांत. ब्राझीलच्या मुलीने पगार गुरुवारी होतो, गुरुवारी टाकते असं लिहिलं, आणि गुरुवारी टाकले. आयरिशने वाचलं, उत्तर नाही. दोन दिवस नाही. मी मनात त्याला तुमचा फ्रेंच करून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याच्याकडे ७५० नाहीतच. घरभाडं देऊन त्याच्याकडे दोनशेच्या आसपास उरतात, आणि हे सांगायला लाज वाटत होती म्हणून तो सगळ्याला 'बघू' म्हणत होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

बेल्ट तीनच असल्याने चौथा तसाही बसणार नव्हता. तो स्वतःच म्हणाला, तुम्ही तिघं व्हॅनने जा, मी बसने लॉर्नला येतो आणि माझ्या तंबूत एक रात्र राहतो. तसं ठरलंय. आता माणशी हजार. अतिरिक्त ड्रायव्हर म्हणून तैवानी मुलाचं नाव घालणार होतो, पण त्याच्या वयाचे जादा पैसे फार होत होते. तेव्हा हमाल मीच. दिवसाला तीन तासांच्या वर चालवायचं नाही असं ठरवलंय.

जिलाँगची_काकू

शहाणी आहेस. येताना जिलाँगला वेळ असेल तर कळव, व्यक्तिगत निरोपात पत्ता देते. वरणभात मिळेल. त्या आयरिश पोरालाही घेऊन ये.

उन्हाळी_पाऊस

आलो परत! तुम्ही एवढी मदत केलीत, म्हणून हा वृत्तांत.

आधी हिशोब, कारण मला स्वतःला असे धागे वाचताना तोच हवा असतो. व्हॅन पाच दिवस ५७५, पेट्रोल १६८, चार रात्रींच्या कॅम्पसाइट १९०, किराणा २१०. एकूण ११४३, माणशी ३८१ डॉलर. बाहेर जेवलो नाही, एकदा चिप्स खाल्ल्या, त्या ज्याच्या त्याने.

पहिला अर्धा दिवस मी भयंकर चालवली. व्हॅनमध्ये आपण पुढच्या चाकांच्या वर बसतो, त्यामुळे वळण आपल्याला वाटतं त्याच्या नंतर घ्यावं लागतं. अँगलसीपर्यंत खांदे दगड झाले होते. पुढे जमलं. रांग लागली की बाजूला होत होते, काकू, आणि मागचे हात करून जायचे. छपराची धास्ती मात्र शेवटपर्यंत गेली नाही. कुठल्याही झाडाखाली शिरायचं असलं की तैवानी मुलगा खाली उतरून पुढे चालायचा, विमान लावणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात हलवत, आणि ब्राझीलची मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर, वर बघत. कॅम्पसाइटवरचे लोक खुर्च्या वळवून बघत बसायचे.

लॉर्नला आयरिश बसमधून उतरला तो हातात सॉसेजची पिशवी घेऊन. किनाऱ्यावर सार्वजनिक बार्बेक्यू आहेत, विजेवर चालणारे, बटण दाबलं की तापतात, पैसे नाहीत. तिथेच चौघं जेवलो. मी माझ्यासाठी बटाटे भाजले. त्याला कुणी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसला आम्ही त्याला सोडायला गेलो आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होतो, म्हणजे जरा जास्तच.

भांडण एकदा झालं, तिसऱ्या रात्री, जोहानाला. कारण : ओले टॉवेल. गोगलगाय, मी तुमचं वाक्य भाषांतर करून ऐकवलं, त्यावर ब्राझीलची मुलगी खरंच गादी उचलून बाहेर निघाली. पाच मिनिटांनी पाऊस आला आणि प्रश्न मिटला. रात्रभर काच बोटभर उघडी ठेवली, तिच्यातून समुद्राचा आवाज येत होता. टॉवेल सकाळीही ओलेच.

गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून खाली गेलो. वरून अपोस्टल्स सुंदर दिसतात, पण खाली वाळूवर उभं राहिल्यावर त्या कड्याच्या पायथ्याशी आपण किती एवढेसे ते कळतं, मान दुखते. संध्याकाळी वरच्या फलाटावर थांबलो. अंधार पडता पडता पाण्यातून छोटे पेंग्विन वर यायला लागले. इतक्या उंचावरून काळे ठिपके नुसते. दहा-बारा जमायचे, लाट आली की पुन्हा मागे, पुन्हा जमायचे, आणि मग एकदम सगळे मिळून वाळूवरून धावत सुटायचे. तैवानी मुलगा मोजत होता आणि दर वेळी त्याचा आकडा चुकत होता. अंधार पडल्यावर चालवायचं नाही म्हणून मुक्काम प्रिन्सटाउनला घेतला होता, जवळच, तरी तेवढ्या वाटेत दोन वॉलबी (छोटे कांगारू) आडव्या आल्या. चाळीसच्या वेगाने होते म्हणून.

काकू, लॉक आर्डचा फोटो आईला पाठवला, गोष्टीसकट. दोन मुलांचं मात्र निघायच्या आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, रात्री गाडी चालवायची नाही. गोगलगाय, तुमच्या करारातलं कलमच. काकू, तुमच्याकडचा वरणभात राहिला, वॉर्नांबूलहून निघायला उशीर झाला आणि पाचला व्हॅन परत द्यायची होती. पुढच्या महिन्यात ट्रेनने येते, दोघांना घेऊन. आयरिशला विचारलंय, तो म्हणाला बघू.

व्हॅन देताना त्यांचा माणूस शिडी लावून छपरावर चढला. आम्ही तिघं खाली श्वास रोखून उभे. उतरून म्हणाला, स्वच्छ आहे. बाँडचे पैसे अजून कार्डावर आलेले नाहीत, दहा दिवस लागतात म्हणे. आले की इथे लिहिते.